ओके : एका शब्दाची जन्मतारीख

‘पाणी’ हा शब्द अमुक दिवशी जन्मला, असं कुणी सांगू शकत नाही. बहुतेक शब्दांचं असंच असतं. ते आधी बोलण्यात येतात, पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरतात, आणि कागदावर उतरतात तेव्हा चांगलेच जुने झालेले असतात. ‘ओके’ याला ठळक अपवाद आहे. मुंबईपासून मेक्सिकोपर्यंत कुठंही उच्चारला तरी कळणारा हा शब्द छापील रूपात पहिल्यांदा दिसतो तो शनिवारी, २३ मार्च १८३९ रोजी, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकात. साठ वर्षांपूर्वीच हे पुराव्यानिशी मांडलं गेलं आहे. तरीही ‘ओके कुठून आला?’ असं चार माणसांना विचारलं, तर चार वेगवेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात आणि प्रत्येकाला आपल्या गोष्टीची पक्की खात्री असते. त्या गोष्टीही इथं पाहू. पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते ही तारीख कशी सापडली याबद्दल. शब्दाचं मूळ शोधणं म्हणजे नेमकं काय करणं, हे या शब्दाइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी गोष्टी. सर्वात लोकप्रिय गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. लढाईहून परतलेली तुकडी पाटीवर मृतांचा आकडा लिहायची. कुणीच दगावलं नसेल तर शून्य आणि पुढं ‘किल्ड’चा ‘के’. शून्य ‘ओ’सारखं दिसतं, म्हणून ‘ओके’ म्हणजे सगळं ठीक. दुसरी गोष्ट त्याच युद्धात सैनिकांना पुरवलेल्या बिस्किटांची, ज्यांवर ओरिन केंडल या नावाची आद्याक्षरं होती म्हणे. तिसरी ओबाडाया केली नावाच्या रेल्वे कारकुनाची, जो मालाच्या पावत्यांवर आद्याक्षरांची सही करायचा. मग हैतीतलं ले काय बंदर आणि तिथली उत्तम रम; मग ग्रीकांचं ‘ओला काला’, म्हणजे सगळं छान; स्कॉटलंडचं ‘ऑक आय’; फिनिश भाषेतलं ‘ओइकेआ’; आणि कुठल्याशा जर्मन सेनापतीच्या हुद्द्याची आद्याक्षरं.

यातल्या युद्धाच्या दोन्ही गोष्टी एका तारखेनं निकालात निघतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं आणि १८६५ मध्ये संपलं. ‘ओके’ त्याआधी बावीस वर्षं छापून आला होता, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेत तो ओळखीचा शब्द होता. उरलेल्या गोष्टी फक्त आवाजाच्या किंवा आद्याक्षरांच्या साम्यावर उभ्या आहेत. ग्रीक ‘ओला काला’ खरोखरच ‘ओके’च्या जवळ जाणारं आहे, अर्थही जुळतो. पण बॉस्टनच्या वर्तमानपत्रात तो कुणी आणला, कधी आणला, वाटेत कुठं दिसला? या प्रश्नांना उत्तर नसेल तर ते साम्य योगायोगाचं ठरतं. हा मुद्दा मराठी वाचकाला परका नाही. ‘व्हॅटिकन’ म्हणजे आपली ‘वाटिका’, असं ठासून सांगणारी पुस्तकं आपल्याकडे हातोहात खपली आहेत. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर नातं जोडायचं ठरवलं, तर जगातली कुठलीही भाषा कुठल्याही भाषेची लेक ठरवता येते.

आता बॉस्टन. १८३८ च्या उन्हाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरांचं वेड शिरलं होतं. संपादक मंडळी एखादा वाक्प्रचार सरळ लिहायच्या ऐवजी त्याची आद्याक्षरं छापत. ‘आमची बडी मंडळी’, ‘टेक्सासला पळाला’, ‘ते पुढं कळेलच’ अशा वाक्प्रचारांची तीन-चार अक्षरं छापायची आणि वाचकानं ओळखायचं. वेड आणखी चढलं तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं आली. ‘ऑल राइट’ हे ‘ए’ आणि ‘आर’ने सुरू होतं, पण एखाद्या अडाण्यानं ते उच्चारावरून लिहिलं तर ‘ओ’ आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होईल, म्हणून ‘ओ.डब्ल्यू.’ छापायचं. ‘नो यूज’साठी ‘के.वाय.’ त्याच धर्तीवर ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सगळं बरोबर’, हे ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू होतं अशी कल्पना करायची. दोन्ही शब्दांचं पहिलंच अक्षर चुकलेलं आणि अर्थ मात्र ‘सगळं बरोबर’. गंमत या विरोधात होती.

२३ मार्चच्या त्या मजकुराकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बॉस्टनच्या नगरपालिकेनं जेवणाची घंटा वाजवायला मनाई करणारा नियम केला होता. त्याची टर उडवण्यासाठी काही हौशी मंडळींनी ‘घंटानादविरोधी मंडळ’ काढलं होतं, आणि अर्थातच ते आपलं नाव चार आद्याक्षरांत लिहीत. या मंडळाचे काही सदस्य ‘रिचमंड’ बोटीनं न्यूयॉर्कला निघाले. शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या पत्रानं ते आपल्या गावावरून जाणार असं छापलं. ‘पोस्ट’चे संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी त्यावर उत्तर दिलं की, आम्ही असं म्हटलंच नव्हतं, पण परतताना मंडळी तुमच्या वाटेनं आलीच, तर त्यांची वर्गणीपेटी वगैरे ‘ओ.के. – ऑल करेक्ट’ करून द्या आणि बाटल्यांची बुचं उडू द्या. एवढाच मजकूर. दोन संपादकांमधली थट्टा, आणि तिच्यात एका कोपऱ्यात ही दोन अक्षरं.

पुराव्याच्या दृष्टीनं यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘ओ.के.’च्या पुढं ग्रीन यांनी अर्थ उलगडून दिला आहे. शब्द वाचकांच्या अंगवळणी पडलेला असता तर तसं करायची गरज नव्हती. आणि तो अर्थ ‘ऑल करेक्ट’ आहे. ग्रीक नाही, बिस्किटं नाहीत, कुणाची सही नाही. शब्द जन्मला त्याच दिवशी त्याचा अर्थही शेजारी छापला गेला, असं भाग्य फार थोड्या शब्दांना लाभतं.

या वेडातली बाकी सगळी आद्याक्षरं दोन-चार वर्षांत विसरली गेली. ‘ओके’ही त्यांच्याबरोबर गेला असता, त्याला वाचवलं ते निवडणुकीनं. १८४० मध्ये अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन दुसऱ्या खेपेसाठी उभे होते. न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक हे त्यांचं गाव. घरची भाषा डच. अमेरिकेच्या अध्यक्षांमध्ये ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती असे ते एकटेच. समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणायला सुरुवात केली आणि न्यूयॉर्कमध्ये ‘ओ.के. क्लब’ स्थापन केला. दोन्ही अर्थ एकमेकांवर चपखल बसले: ओल्ड किंडरहुक, तो ऑल करेक्ट. १८४० च्या मार्चअखेरीस या क्लबची पोरं ‘ओ.के., ओ.के.’ ओरडत विरोधी व्हिग पक्षाच्या सभेत घुसली, तेव्हापासून ही दोन अक्षरं देशभर गाजली.

व्हिगांनीही ती सोडली नाहीत. १८३७ च्या मंदीनं लोक पिचलेले होते. तेव्हा ‘ओ.के.’ म्हणजे रोकड संपलेला, पत संपलेला, चारित्र्य संपलेला, अंगावरचे कपडेही संपलेला, असे अर्थ त्यांच्या पत्रांनी काढले, आणि प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम ‘के’ने केलं. आणखी एक बाण त्यांच्या बाजूनं सुटला, आणि तो आजवर रुतून बसला आहे. व्हॅन ब्यूरेन यांच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नव्हतं, ते सरकारी कागदांवर ‘सगळं बरोबर’ असं चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याची आद्याक्षरं टाकत, अशी कथा न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं छापली. कथा रचलेली होती. गुरूला अडाणी ठरवून चेल्याला पाडायचं होतं. निवडणुकीत व्हॅन ब्यूरेन २३४ विरुद्ध ६० निर्वाचक मतांनी हरले. त्यांना हरवणारे विल्यम हेन्री हॅरिसन शपथविधीनंतर महिन्याभरातच वारले. दोघांचीही नावं आज इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कुणी घेत नाही. प्रचारातला शब्द मात्र उरला, आणि जॅक्सन यांच्याबद्दलची ती खोटी कथाही.

हे सगळं उलगडणारे गृहस्थ म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन वॉकर रीड. १९०६ मध्ये मिनेसोटात जन्मलेले रीड ९६ वर्षं जगले आणि आयुष्यभर इंग्रजी शब्दांच्या मागावर राहिले. मुताऱ्यांच्या भिंतींवरचा मजकूरही भाषेचा पुरावा म्हणून उतरवून घ्यायला त्यांना संकोच वाटला नाही. ‘ओके’वरचा त्यांचा पहिला लेख १९४१ चा. त्यात त्यांनी १८४० चा ओ.के. क्लब हेच जन्मस्थान मानलं होतं. शोध तिथं थांबला असता तरी चाललं असतं. गोष्ट सुसंगत होती आणि विद्वानांत मान्य होऊ लागली होती. पण क्लबाच्या आधीचे दाखले समोर येऊ लागले, तेव्हा आपलाच सिद्धान्त बाजूला ठेवून रीड जुन्या वर्तमानपत्रांकडे परत गेले. १९६३ आणि १९६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहिली. तिच्यात २३ मार्च १८३९ चा अंक होता, त्याआधीच्या आद्याक्षरांच्या वेडाचे ढीगभर दाखले होते, आणि प्रतिस्पर्धी कथांची एकेक करून तपासणी होती.

हे काम संगणकाच्या आधीचं आहे, हे लक्षात घ्यायला हवं. आज शोधचौकटीत शब्द टाकला की काही क्षणांत शंभर वर्षांची वर्तमानपत्रं चाळून निघतात. रीड यांना पान न्‌ पान डोळ्यांनी वाचावं लागलं, तेही बारीक टायपातलं. आणि शोधायचं काय, तर दोन अक्षरं.

रीड यांच्या उत्तराला खरं आव्हान देतील असे दावे दोनच आहेत, आणि दोन्ही आदरानं पाहावेत असे आहेत. पहिला चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या भाषेचा. त्या भाषेत वाक्याच्या शेवटी ‘ओके’च्या जवळचा उच्चार असलेला एक शब्दांश येतो, ‘असंच आहे’ असा ठामपणा तो दाखवतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी छापलेल्या चॉक्टॉ पुस्तकांत तो जागोजाग दिसतो. अध्यक्ष वूड्रो विल्सन यांना हे मूळ इतकं पटलं होतं की कागदपत्रं मंजूर करताना ते चॉक्टॉ वळणाचं स्पेलिंग लिहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेब्स्टरच्या मोठ्या कोशातही ही व्युत्पत्ती होती. १९१८ मध्ये ऑटो हाइनेमान यांनी काढलेल्या ‘ओके’ ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीचं नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून होतं, पण तेही त्याच स्पेलिंगनं लिहिलेलं, आणि सुरुवातीच्या तबकड्यांवर मूलनिवासी माणसाचा चेहरा होता.

दुसरा दावा पश्चिम आफ्रिकेचा. वोलोफ भाषेत होकारासाठी ‘वाव’ आणि त्याला जोर देणारा ‘के’ प्रत्यय आहे: ‘वाव-के’, म्हणजे ‘हो तर!’ आफ्रिकी भाषांचे ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड डॅल्बी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हा मुद्दा लावून धरला. गुलाम करून नेलेल्या लाखो माणसांच्या तोंडी जे शब्द होते, ते गोऱ्या संपादकांच्या वर्तमानपत्रात छापले जाणार कसे? छापील पुरावा नाही म्हणून शब्दच नव्हता असं म्हणणं म्हणजे ज्यांना लिहू दिलं गेलं नाही त्यांना पुन्हा एकदा गप्प करणं आहे. या आक्षेपात वजन आहे. ‘बनाना’ आणि ‘याम’सारखे शब्द इंग्रजीत पश्चिम आफ्रिकेच्या वाटेनंच आले आहेत.

तरीही माझा कौल रीड यांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण छापील पुरावा ‘आहे’ एवढंच नाही. १८३९ आणि १८४० च्या दाखल्यांत हा शब्द सतत आद्याक्षरं म्हणून येतो. मधे टिंबं देऊन, अर्थ फोडून, नवनवे फुलफॉर्म जोडून. तो बोलण्यातून उचललेला आफ्रिकी किंवा चॉक्टॉ शब्द असता, तर एखाद्या तरी लिहिणाऱ्यानं तो सलग अक्षरांत, ऐकला तसा उतरवला असता. बॉस्टनमधली वाट पावलापावलानं दिसते. दुसऱ्या दोन वाटांवर मधला टप्पाच दिसत नाही. पुढं पसरताना दक्षिणेतल्या बोलींत त्याला वोलोफ किंवा चॉक्टॉ होकाराचा आधार मिळाला असेल, हे मी नाकारणार नाही.

१८३९ च्या आधीचे म्हणून पुढं केलेले कागदही रीड यांच्या काळात तपासले गेले. टेनेसीतल्या समनर काउंटीच्या कोर्टाच्या १७९० च्या दफ्तरात, अँड्र्यू जॅक्सन यांनी एका गुलामाचं खरेदीखत सिद्ध केल्याच्या नोंदीपुढं ‘ओ.के.’ आहे, असं १८५९ मध्ये एका इतिहासकारानं छापलं होतं. मूळ पान पाहिल्यावर ते ‘ओ.आर.’ निघालं: ‘ऑर्डर रेकॉर्डेड’, हुकूम नोंदला. कारकुनाच्या ‘आर’चा पाय जरा लांबला होता. विल्यम रिचर्डसन या प्रवाशाच्या १८१५ च्या रोजनिशीतही गावांच्या नावांमध्ये ‘ओ’ आणि ‘के’ ही अक्षरं सापडतात, पण मूळ पानावर तिथं खाडाखोड आहे आणि वाक्य अर्धवट सुटलं आहे. मोडी दफ्तरं वाचणाऱ्या माणसाला हे सांगावं लागणार नाही: छापील प्रतीवर विसंबून निष्कर्ष काढला आणि मूळ कागद पाहिला नाही, की एका अक्षराच्या वळणावरून इतिहास फिरतो.

पुढची वाटचाल झपाट्यानं झाली. तारेच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला ‘संदेश मिळाला, बरोबर आहे’ हे सांगायला सर्वात थोडक्यात काय सांगता येईल? दोन अक्षरं. रेल्वे आणि तार खात्यानं ‘ओके’ला कामाचा शब्द केला, त्यातली थट्टा पुसली गेली, आणि तो बिलांवर, पावत्यांवर, मंजुरीच्या कागदांवर बसला. १८७० च्या सुमारास लंडनच्या रंगमंचावरच्या एका गाण्यात रविवारी प्राणिसंग्रहालयात फेरफटका मारणं ही ‘ओके’ गोष्ट ठरली, म्हणजे तोवर तो अटलांटिक ओलांडून गेला होता. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात ज्या तबेल्याजवळ प्रसिद्ध गोळीबार झाला, त्याचंही नाव ‘ओके कोरॅल’. बोलपटांनी तो जगभर नेला. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर यान टेकलं, तेव्हा तिथं उच्चारल्या गेलेल्या पहिल्या काही शब्दांत बझ ऑल्ड्रिन यांचा ‘ओके’ आहे: ओके, इंजिन बंद.

संगणकाच्या पडद्यावर तो कसा आला, ही हकिकत मला फार आवडते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपल कंपनीत ‘लिसा’ हा संगणक तयार होत होता. प्रश्न विचारणाऱ्या चौकटीत दोन बटणं होती; एक ‘रद्द’, दुसरं ‘डू इट’, म्हणजे ‘कर’. कंपनीबाहेरची माणसं आणून चाचण्या चालल्या होत्या. त्यांतला एक जण चौकट आली की बटण न दाबता चिडून बसायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, हे यंत्र मला मठ्ठ का म्हणतंय? पडद्यावरच्या टायपात दोन शब्दांमधली मोकळी जागा इतकी कमी होती की ‘डू इट’ त्याला ‘डोल्ट’ असं एका शब्दात वाचता येत होतं, आणि डोल्ट म्हणजे मठ्ठ. ते बटण काढून तिथं ‘ओके’ ठेवलं गेलं. पुढं मॅकिंटॉश आणि बाकीच्या संगणकांवरही तो स्थिरावला, आणि आज इंग्रजीचं एक अक्षर न येणारा माणूसही मोबाइलवर तो दाबतो.

अर्थाच्या बाबतीत मात्र ‘ओके’ची गंमत आहे. जन्माच्या वेळी तो ‘सगळं बरोबर’ म्हणत होता, म्हणजे पैकीच्या पैकी गुण. आज ‘सिनेमा ओके होता’ म्हटलं तर तिकिटाचे पैसे फार काही वसूल झाले नाहीत असंच आपण समजतो. ‘ओके’वर अख्खं पुस्तक लिहिणारे ॲलन मेटकाफ यांनी याचं मर्म बरोबर पकडलं आहे: हा शब्द होकार देतो, पण बरं-वाईट ठरवत नाही. ‘विमान ओके उतरलं’ म्हणजे उतरलं, कसं ते विचारू नका. म्हणूनच तो जिथं तिथं चालतो. साहेबाच्या हुकुमाला ‘ओके’ म्हणताना आपण मान्यता देतो का फक्त पोच देतो, हे गुलदस्त्यात राहतं. पुन्हा ‘ओके, आता पुढचा मुद्दा’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा तिथं होकारही नसतो. एक विषय मिटवून दुसरा उघडायचा, एवढंच काम.

हे शेवटचं काम मराठीत ‘बरं’ करत आलं आहे. ‘बरं, मग काय ठरलं?’, ‘बरं, निघतो.’ ‘बरं’चा प्रवासही तसाच आहे: मुळात चांगलं, मग साधारण, मग नुसती पोच. त्यामुळे ‘ओके’ला मराठीत शिरायला तयार जागा मिळाली. फोनवर ‘बरं’ म्हणणारी पिढी आणि ‘ओके’ म्हणणारी पिढी एकच काम करत असते.

भारतात ‘ओके’ सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसतो तो ट्रकच्या पाठीवर. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे रंगवलेलं वाक्य परदेशी पाहुण्यांना जितकं कोड्यात टाकतं तितकंच आपल्यालाही टाकायला हवं, कारण मधल्या ‘ओके’चं तिथं काय काम? याच्याही गोष्टी आहेत. दुसऱ्या महायुद्धात ट्रक रॉकेलवर चालत, म्हणून ‘ऑन केरोसीन’. टाटांच्या ‘ओके’ साबणाची जाहिरात ट्रकमागं रंगवली जायची आणि साबण गेला तरी शब्द राहिला. किंवा ते ‘ओव्हरटेक’चं आखूड रूप आहे. साबणाची गोष्ट त्यातल्या त्यात ऐकायला बरी, पण या तिन्हींतली एकही सांगताना कुणी तारीख घातलेला फोटो किंवा कागद पुढं करत नाही. रीड यांची कसोटी लावली तर तिन्ही रांगेत मागं उभ्या राहतात. तारीख आहे ती बंदीची: या वाक्यामुळे विनाकारण भोंगे वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ च्या एप्रिलअखेरीस परिपत्रक काढून व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला मनाई केली.

मराठीनं ‘ओके’ नुसता उचलला नाही, त्याला आपलं व्याकरण लावलं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळी सुरू झाल्यावर पहिला नग तपासणीला जातो. मापं बसली की ‘पीस ओके’, मग मशीन सुरू. ‘क्यूसीनं ओके दिला’ यात ‘ओके’ नाम झालं. ‘बिल ओके करून टाक’ यात ‘करणे’ जोडून क्रियापद. सिनेमाच्या सेटवर ‘शॉट ओके’ झाल्याशिवाय दिवा हलत नाही. द्विरुक्ती ही तर आपली खासियत: ‘ओके-ओके होता’ म्हटलं की ‘ठीकठाक’ची जागा भरून निघते. आणि बोलीनं ‘क’ला द्वित्व देऊन केलेला ‘ओक्के’ हा वेगळाच शब्द आहे. ‘पक्कं’, ‘चक्क’ यांतला ठसका त्यात आहे. इंग्रजीतल्या ‘ओके’नं दीडशे वर्षांत गमावलेला जोर मराठीच्या ‘ओक्के’नं परत मिळवला. ‘ओके’ म्हणजे साधारण. ‘एकदम ओक्के’ म्हणजे उत्तम.

जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून केलेलं फोनवरचं बोलणं घरोघरी पोचलं, ते ‘काय झाडी, काय डोंगार’बरोबरच या ‘ओक्के’मुळे. त्यांच्या तोंडी ते ‘ओक्केमधी’ होतं. माणदेशी बोलीनं शब्दाला सरळ अधिकरणाचं शब्दयोगी अव्यय लावलं होतं, जसं आपण ‘मजेत’, ‘झोकात’, ‘आनंदात’ म्हणतो. दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या अधिवेशनात, विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर बंडखोरांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली; खोके म्हणजे कोटी. एका बाजूनं मिरवायचं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच अक्षरांनी टोला हाणायचा, हे १८४० मध्ये न्यूयॉर्कला घडलं होतं, तेच इथं घडलं. कुणाचं राजकारण बरोबर हा इथला विषय नाही. पण घोषणेत बसणारा, यमक जुळणारा, दोन्ही बाजूंना वापरता येणारा आखूड शब्द किती लवकर घट्ट बसतो, हे या दोन्ही प्रसंगांत सारखंच दिसतं.

आणि इथंच मराठीची उणीव जाणवते. न्यूयॉर्कचा प्रसंग महिन्यासकट सांगता येतो, पण मराठीत ‘ओके’ पहिल्यांदा कधी छापला गेला याची नोंद कोशात मिळत नाही. आपली कोशपरंपरा काही लहान नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश ग्रंथांतल्या दाखल्यांसह आहे, आणि तो खऱ्या अर्थानं आदर्श आहे. पण गेल्या दोनशे वर्षांतल्या छापील मराठीचा, प्रत्येक शब्दाचा पहिला दाखला तारखेसह देणारा कोश आपल्याकडे झालेला नाही. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘भारी’चा आजचा अर्थ, ‘ओके’. हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत आले, रुजले, बदलले, आणि त्यांचं जन्मपत्रक कुणी लिहून ठेवलं नाही. साधनं तर आहेत. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा, ‘केसरी’ १८८१ पासूनचा, ‘मनोरंजन’ १८९५ पासूनचं, ‘किर्लोस्कर’ १९२० पासूनचं.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश शेकडो हौशी वाचकांनी पाठवलेल्या टाचणांवर उभा राहिला. ते सगळे काही प्राध्यापक नव्हते. तुमच्या घरी, गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात जुन्या मासिकांचे बांधीव खंड असतील तर ते चाळा. ‘ओके’ दिसला, तर मासिकाचं नाव, महिना, वर्ष, पान आणि अख्खं वाक्य उतरवून ठेवा, आणि शक्य असेल तर त्या पानाचा फोटो काढा. १९५० च्या आधीचा दाखला मिळाला तर तो एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागापर्यंत पोचवा.